वाळवंटी उद्यानातील वृक्षसदृश मांसल वनस्पती : सोनोरा वाळवंटातील संवर्धनाचा इतिहास (१९०३ ते २०२३)

प्रस्तावना :

उद्यानांचा इतिहास हा बहुतांशी पाण्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. इराणमधील चारबाग असो, मोगलांची उद्याने असोत किंवा युरोपीय राजवाड्यांभोवतीच्या बागा असोत, पाणी आणणे, साठविणे व खेळविणे हेच उद्यानकलेचे मुख्य सूत्र राहिले. विसाव्या शतकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उभी राहिलेली वाळवंटी उद्याने या परंपरेपासून वेगळी आहेत. वाळवंट हटवून तेथे हिरवळ निर्माण करणे हा त्यांचा हेतू नव्हता. वाळवंटाचीच वनस्पतिसृष्टी जोपासावी, तिचा अभ्यास करावा आणि ती लोकांना दाखवावी, या हेतूने ती स्थापन झाली. या उद्यानांचे सर्वांत लक्षणीय, आणि जोपासण्यास सर्वांत कठीण असे घटक म्हणजे वृक्षसदृश मांसल वनस्पती होत.

खोड, फांद्या किंवा पाने यांत पाणी साठविणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. कोरफड, पानफुटी, घायपात व फड्या निवडुंग ही त्यांची आपल्या परिचयाची उदाहरणे होत. यांपैकी काही जाती वृक्षाएवढ्या वाढतात. आपल्याकडील शेर किंवा तिधारी निवडुंग यांची जुनी झाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या प्रकाराची कल्पना येईल. सोनोरा वाळवंटातील सग्वारो हा निवडुंग १२ ते १५ मीटर उंच होतो व दीडशे वर्षांहून अधिक काळ जगतो. त्याच वाळवंटाच्या पश्चिम भागातील बूजम, तसेच दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील भाता-वृक्ष या वनस्पतीही याच वर्गात मोडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) सोनोरा वाळवंटातील उद्याने व संशोधन केंद्रे यांच्या स्थापनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे. (२) वृक्षसदृश मांसल वनस्पतींच्या जोपासनेविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी वाढत गेले याचा आढावा घेणे. (३) बदलत्या हवामानाच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व तपासणे. निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

‘या वनस्पती काटक आहेत, त्यांना फक्त ऊन व कोरडी जमीन हवी’ हा समज विसाव्या शतकातील निरीक्षणांनी पायरीपायरीने खोडून काढला. त्यांना सावली लागते, ठरावीक ऋतूत पाणी लागते आणि रात्रीचा गारवा लागतो. यांपैकी सावली व पाणी माळी देऊ शकतो. रात्रीचा गारवा देणे मात्र त्याच्या हातात नाही. वाळवंटी उद्यानांपुढील आजचा प्रश्न नेमका येथे निर्माण झाला आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

उद्यानपूर्व काळ : तोहोनो ऑदम समाज आणि सग्वारो

सोनोरा वाळवंट अमेरिकेतील ॲरिझोना व कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया या प्रदेशांत पसरले आहे. त्याच्या बऱ्याच भागात वर्षातून दोनदा पाऊस पडतो. हिवाळ्यातील पाऊस संथ व दीर्घकाळ पडणारा, तर जुलै ते सप्टेंबरमधील पाऊस मेघगर्जनेसह कोसळणारा असतो. या दोन पावसांमुळेच हे वाळवंट जगातील इतर अनेक वाळवंटांच्या तुलनेत वनस्पतींनी समृद्ध आहे.

येथील तोहोनो ऑदम या आदिवासी समाजाचे सग्वारोशी असलेले नाते उद्यानांच्या स्थापनेपूर्वी कितीतरी आधीचे आहे. सग्वारोची फळे उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, म्हणजे जून अखेरीस पिकतात. वाळलेल्या सग्वारोच्या आतील लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या लांब आकडीने ही फळे काढली जातात. त्यांच्या पाकापासून तयार केलेले मद्य पाऊस मागण्याच्या विधीत घेतले जाते आणि या सुगीबरोबर त्यांचे नवे वर्ष सुरू होते. सग्वारोला हा समाज माणसासारखा मानतो. झाड, फळ व पाऊस यांचा संबंध या समाजाच्या दिनदर्शिकेत आधीपासूनच नोंदलेला होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या वनस्पतीच्या शास्त्रीय नावाचा इतिहासही बोलका आहे. १८४८ मध्ये एंगेलमान यांनी तिचे वर्णन ‘सेरेयस’ या प्रजातीत केले होते. १९०८ मध्ये ब्रिटन व रोझ यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या सन्मानार्थ तिला ‘कार्नेगिया’ हे नाव दिले. वाळवंटातील वनस्पतिसंशोधनाला त्या काळी कार्नेगी संस्थेचा पैसा मिळत होता. शतकानुशतके ज्यांनी या झाडाची फळे खाल्ली त्यांची आठवण या नावात राहिली नाही.

संशोधन केंद्राची स्थापना व पहिली निरीक्षणे (१९०३ ते १९४०)

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०३ मध्ये ट्यूसॉन शहरालगतच्या तुमामॉक टेकडीवर वाळवंट प्रयोगशाळा स्थापन केली. जागेची निवड फ्रेडरिक कोव्हिल व डॅनियल मॅकडूगल यांनी केली होती. टेकडीचा परिसर कुंपण घालून गुरांपासून मुक्त करण्यात आला आणि १९०६ पासून तेथे कायमस्वरूपी अभ्यास-तुकडे आखण्यात आले. त्यांतील वनस्पतींची मोजदाद पुढील पिढ्यांनी चालू ठेवली. इतक्या दीर्घ काळच्या सलग नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहेत.

एफी स्पॉल्डिंग यांनी १९०५ मध्ये सग्वारोच्या खोडावरील उभ्या कण्यांचे कार्य दाखवून दिले. पाऊस पडल्यावर हे खोड हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे फुगते व कोरड्या काळात आकसते. साल न फाटता पाणी साठविण्याची ही सोय होय. १९०८ मध्ये प्रयोगशाळेत दाखल झालेल्या फॉरेस्ट श्रीव्ह यांनी पुढील तीन दशके या वाळवंटाचा अभ्यास केला. त्यांची दोन निरीक्षणे संवर्धनाच्या इतिहासात पायाभूत ठरली.

पहिले निरीक्षण रोपांविषयीचे होते. एक सग्वारो आपल्या आयुष्यात कोट्यवधी बिया देतो, तरी उघड्या जमिनीवर त्याची रोपे जवळजवळ आढळत नाहीत. ती पालो व्हर्डे, मेस्किट यांसारख्या झाडांच्या वा खडकांच्या आडोशाला सापडतात. पुढील काळात अशा झाडांना ‘दाई-वृक्ष’ या अर्थाचे नाव मिळाले. १९६६ मध्ये टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सावली, माती व पाणी यांचा रोपांवरील परिणाम प्रयोगाने तपासला, तेव्हा सावलीवाचून रोपे तग धरत नाहीत हे स्पष्ट झाले. भर उन्हाचे प्रतीक मानले गेलेले हे झाड आपल्या आयुष्याची पहिली कित्येक वर्षे सावलीत काढते. पहिल्या दहा वर्षांत ते जेमतेम काही सेंटिमीटर वाढते, आणि त्याला बाजूच्या फांद्या फुटण्यास साधारणतः पन्नास ते पंचाहत्तर किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात.

दुसरे निरीक्षण थंडीविषयीचे होते. सग्वारोच्या प्रसाराची उत्तर सीमा उन्हामुळे वा पावसामुळे नव्हे, तर हिमामुळे ठरते असे श्रीव्ह यांनी १९११ मध्ये मांडले. एका रात्रीचे हिम झाड सोसते. मात्र दिवसाही तापमान गोठणबिंदूच्या वर आले नाही, तर ते मरते. याच कारणाने आफ्रिका व अरबस्तानातून आणलेल्या वृक्षाकार मांसल वनस्पती लावताना उद्यानांना दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत किंवा उतार निवडावा लागतो.

उद्यानांची स्थापना : खाणमालक, नागरिक आणि संरक्षणाचा आग्रह

वाळवंट पाहण्याजोगे आहे ही जाणीव अमेरिकी समाजात हळूहळू निर्माण झाली. १९१४ मध्ये फिनिक्सजवळील सग्वारोंच्या प्रदेशाला ‘पापागो सग्वारो राष्ट्रीय स्मारक’ असा दर्जा देण्यात आला, पण १९३० मध्ये तो काढून घेण्यात आला. दरम्यान १९२९ मध्ये ॲरिझोनाने स्थानिक वनस्पतींच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यामागे मोठे निवडुंग उपटून बाहेर नेण्याच्या वाढत्या प्रवृत्तीची पार्श्वभूमी होती.

तांब्याच्या खाणींतून धनाढ्य झालेल्या विल्यम बॉइस थॉम्पसन यांनी १९२४ मध्ये सुपिरिअर या गावाजवळ वनस्पती-उद्यान स्थापन केले. फ्रँकलिन क्रायडर हे त्याचे पहिले संचालक होते. जगातील शुष्क प्रदेशांतील उपयुक्त वनस्पती एकत्र करून त्यांची पारख करणे हा या उद्यानाचा हेतू होता. फिनिक्समध्ये मात्र पुढाकार नागरिकांनी घेतला. गुस्ताफ स्टार्क, गर्ट्रूड वेबस्टर आदींच्या प्रयत्नांतून १९३४ मध्ये निवडुंग व स्थानिक वनस्पतींसाठी एक संस्था स्थापन झाली, आणि १९३९ मध्ये पापागो उद्यानाच्या परिसरातच ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ खुले झाले. स्मारकाचा दर्जा गमावलेल्या भूमीवर नऊ वर्षांनी उद्यान उभे राहिले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९४० च्या जनगणनेत फिनिक्सची लोकसंख्या सुमारे ६५ हजार होती. २०२० मध्ये ती १६ लाखांवर गेली. शहराबाहेर वसलेले हे उद्यान ऐंशी वर्षांत महानगराने वेढले गेले.

चुकीच्या निदानाचा धडा

ट्यूसॉनजवळ १९३३ मध्ये सग्वारो राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. त्यानंतर काही वर्षांतच तेथील मोठी झाडे काळी पडून सडू लागली. सडलेल्या भागात जिवाणू आढळल्यामुळे ही साथीच्या रोगाची लक्षणे मानण्यात आली. १९४१ मध्ये स्मारकाच्या एका भागातील रोगट झाडे तोडून खड्ड्यांत पुरण्यात आली, आणि १९४२ मध्ये या जिवाणूचे शास्त्रीय वर्णनही प्रसिद्ध झाले. तरीही झाडे मरतच राहिली. काही दशकांत हे जंगल नामशेष होईल असे भाकीत त्या काळी केले जात होते.

१९७० व १९८० च्या दशकांत वॉरन स्टीनबर्ग व चार्ल्स लोव यांनी या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षानुसार मूळ कारण तीव्र हिम हे होते. १९३७ च्या हिवाळ्यासारख्या थंडीने जुन्या झाडांच्या पेशी मृत झाल्या व नंतर त्या मृत भागात जिवाणू वाढले. झाड थंडीनंतर लगेच कोसळत नाही. साठविलेल्या पाण्यावर ते काही वर्षे उभे राहते, त्यामुळे कारण व परिणाम यांत मोठे अंतर पडते. दुसरीकडे नवी रोपे न दिसण्याचे कारण गुरांची चराई व दाई-वृक्षांची जळणासाठी झालेली तोड हे होते. चराई थांबल्यावर तेथे पुन्हा रोपे दिसू लागली.

हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटतो. शंभर वर्षांहून अधिक जगणाऱ्या जीवाविषयी पाचदहा वर्षांच्या निरीक्षणावरून निर्णय घेतला की निदान चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी छायाचित्रे, जुनी मोजदाद आणि हवामानाच्या नोंदी हीच खरी साधने ठरतात. होमर शँट्झ यांच्यासारख्यांनी १९३० च्या दशकात काढलेली या जंगलाची छायाचित्रे त्यामुळेच पुढे मोलाची ठरली.

उद्यानातील झाडांच्या बाबतीतही हेच घडते. पूर्ण वाढलेला सग्वारो एका जागेवरून दुसरीकडे लावला तर तो अनेक वर्षे जिवंत दिसतो. त्याची मुळे उथळ पण दूरवर पसरलेली असतात व उपटताना त्यांतील बहुतेक तुटतात. नवी मुळे न धरलेले झाड केवळ साठ्यावर उभे असते. म्हणून अनुभवी माळी झाड हलविण्यापूर्वी त्याच्या दक्षिणेकडील बाजूस खूण करतात व नव्या जागी तीच बाजू दक्षिणेकडे ठेवतात. सावलीत वाढलेली उत्तरेकडील साल एकदम उन्हात आली तर करपते. मुळांच्या जखमा सुकू दिल्यानंतरच पाणी देणे आणि पाणी तुंबू नये म्हणून खडीमिश्रित उंचवट्यावर लागवड करणे, हे नियमही अशाच अनुभवातून स्थिर झाले.

पाहुणे वृक्ष आणि पावसाचा ऋतू

दुसऱ्या वाळवंटांतून आणलेल्या झाडांनी उद्यानांना वेगळा धडा दिला. बाहा कॅलिफोर्नियातील ‘बूजम’ हे झाड उलट्या धरलेल्या गाजरासारखे दिसते. स्पॅनिश भाषकांनी त्याला मेणबत्ती या अर्थाचे ‘सिरिओ’ हे नाव दिले. सोनोराच्या किनाऱ्यावरील सेरी समाजात या झाडाला स्पर्श केल्यास जोराचे वारे सुटतात अशी समजूत होती. वाळवंट प्रयोगशाळेतील गॉडफ्रे साइक्स यांनी १९२२ मध्ये हे झाड पाहून लुईस कॅरोल यांच्या १८७६ च्या ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ या काव्यातील काल्पनिक प्राण्याचे नाव त्यास दिले, आणि तेच रूढ झाले.

बूजमचा प्रदेश हिवाळी पावसाचा आहे. त्यामुळे हे झाड थंड ऋतूत पालवते व उन्हाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. भाता-वृक्षही थंड ऋतूत वाढतो. सॅन लोक त्याच्या पोकळ केलेल्या फांद्यांचे बाणांचे भाते करीत, त्यावरून त्याला हे नाव पडले. मॅसन यांनी त्याचे वर्णन कोरफडीच्या प्रजातीत केले होते. २०१३ मध्ये वृक्षाकार कोरफडींची स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात ही झाडे निद्रिस्त असताना त्यांना भरपूर पाणी दिल्यास मुळे व खोड कुजण्याचा धोका असतो. याउलट सग्वारो उन्हाळी पावसाचा लाभ घेतो. एकाच वाफ्यात शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांना वेगवेगळ्या ऋतूंत पाणी द्यावे लागते. ‘वाळवंट’ हा एक शब्द असला तरी वाळवंटे अनेक आहेत, आणि झाड आपल्या मूळ प्रदेशातील पावसाचे वेळापत्रक सोबत घेऊन येते, हे उद्यानांनी अनुभवातून जाणले. तोहोनो ऑदम समाजाच्या दिनदर्शिकेत झाड व पाऊस यांची जी सांगड आहे, तिच्याशी हे ज्ञान जुळणारे आहे.

रात्रीचा गारवा

मांसल वनस्पतींच्या श्वसनव्यवहाराचे रहस्य समजण्याच्या इतिहासात भारताचाही वाटा आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी कडसर लागतात असे नोंदविले. त्यांचे हे पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या आंबटपणाचे कारण पुढे उलगडले. या वनस्पती दिवसा आपली त्वग्रंध्रे बंद ठेवून पाणी वाचवितात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात व आम्लाच्या रूपात साठवितात. दिवसा त्या आम्लापासून प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड मिळतो.

सग्वारोचे जगणे याच व्यवस्थेवर अवलंबून आहे. रात्र पुरेशी गार असेल तरच रंध्रे उघडणे परवडते. रात्र तापलेली राहिली तर एकतर पाणी जाते किंवा रंध्रे बंद राहून झाड उपाशी राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले. यापूर्वीचा विक्रम १९७४ मधील १८ दिवसांचा होता. त्याहून गंभीर बाब म्हणजे सलग १६ रात्री किमान तापमान ३२ अंशांखाली उतरले नाही. त्या वर्षी उन्हाळी पाऊसही लांबला. या काळात उद्यानातील व शहरातील अनेक सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, तर काही झाडे समूळ कोसळली. २०२० च्या अतिउष्ण व कोरड्या उन्हाळ्याचा ताण त्यांच्यावर आधीच पडलेला होता. डांबरी रस्ते व काँक्रीट दिवसाची उष्णता रात्री बाहेर टाकतात, त्यामुळे शहरातील झाडांवरील ताण अधिक असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीव्ह यांनी सग्वारोची सीमा थंडीने आखली होती. एकविसाव्या शतकात उष्ण रात्रींची दुसरी सीमा तिच्या जोडीला येत आहे. भाता-वृक्षाच्या मूळ प्रदेशातही विषुववृत्ताच्या बाजूची झाडे अधिक प्रमाणात मरत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले आहे.

निष्कर्ष :

(१) वाळवंटी उद्यानांची स्थापना औद्योगिक संपत्ती, वैज्ञानिक संस्था आणि नागरी चळवळ या तीन प्रवाहांतून झाली. मूळ निवासी समाजाचे ज्ञान मात्र त्यांच्या संस्थात्मक इतिहासात दुय्यम राहिले.

(२) वृक्षसदृश मांसल वनस्पती काटक असतात हा समज अपुरा आहे. बालवयात सावली, योग्य ऋतूत पाणी, निचऱ्याची जमीन व हिमापासून संरक्षण या त्यांच्या मूलभूत गरजा आहेत.

(३) या वनस्पतींत कारण व परिणाम यांत अनेक वर्षांचे अंतर असते. त्यामुळे दीर्घकालीन नोंदींशिवाय केलेले निदान दिशाभूल करणारे ठरू शकते.

(४) उष्ण रात्री ही समस्या पाणी वाढवून सुटणारी नाही. तिचा संबंध नगररचनेशी व जागतिक हवामानाशी आहे.

समारोप :

१९३९ मध्ये, म्हणजे उद्यान खुले झाले त्या वर्षी रुजलेला एखादा सग्वारो २०२३ मध्ये ८४ वर्षांचा झाला असता. त्याच्या जातीच्या मानाने हे ऐन तारुण्याचे वय होय. या अवधीत उद्यानाचे संचालक बदलले, शहर पंचवीस पटींनी वाढले आणि रोगाविषयीच्या उपपत्तीही बदलल्या. झाडाचे आयुष्य संस्थेच्या व माणसाच्या आयुष्याहून मोठे असल्यामुळे त्याची जबाबदारी एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवावी लागते, आणि ती सोपविण्याचे साधन म्हणजे नोंदवही. कोणते झाड कोठून आले, कोणत्या वर्षी लावले, कोणत्या उन्हाळ्यात त्याने काय सोसले, या साध्या नोंदींना ऐतिहासिक दस्तऐवजाचे मूल्य आहे. महाविद्यालयांच्या वनस्पती-उद्यानांतही अशा नोंदी असू शकतात. वनस्पतिशास्त्र व इतिहास या दोन विभागांनी एकत्र येऊन त्यांचे जतन करणे शक्य आहे, आणि आवश्यकही आहे.